अक्का, पारोळ्याचं झाकण ठरलं

अक्का,

परवा तुझी गंधमुक्ती झाली, तुझे दिवस उरकले. माणसं पुष्कळ आली होती. तुझा लेक दारात उभा राहून सगळ्यांना हात जोडत होता आणि जो तो त्याला एकच सांगत होता, "मॅडम फार शांत होत्या." मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मला हसू आवरेना. तू आणि शांत? मेहरूणच्या तलावाला फेरी मारताना आपल्या दोघींच्या आवाजानं काठावरचे बगळे उडायचे. झाडाखाली प्राणायाम करणाऱ्या मंडळींनी आपली जागा बदलली, ती काय तुझ्या शांतपणाला कंटाळून? पण गेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात, त्यांचाही इलाज नसतो. म्हणून म्हटलं, खरं काय ते आपणच लिहून ठेवावं.

आणि दुसरं म्हणजे, काल मी पारोळ्याला जाऊन आले. आपलं राहिलेलं भांडण मिटवायला गेले होते. तिथे काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. पण थांब, क्रमानं सांगते. क्रम चुकला की तू पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायचीस.

धुळ्याहून बायोकेमिस्ट्री शिकून मी जळगावला तुझ्या लॅबमध्ये आले, तेव्हा तू चांगली नावाजलेली पॅथॉलॉजिस्ट होतीस आणि मी नुसती तोंडाळ. पहिल्याच आठवड्यात कुठल्याशा दवाखान्यातून तातडीचं सँपल आलं. मी लाल झाकणाची ट्यूब उचलली आणि रक्त पुरतं गोठायच्या आधीच सेंट्रिफ्यूजमध्ये घालून गरगर फिरवली. वर आलेलं सिरम दिसायला छान पिवळंधमक होतं, पण त्यात डोळ्यांना न दिसणारे चिकट तंतू राहिले होते. मशीनच्या सुईनं ते ओढले आणि तिचा घसाच तुंबला. सगळी लॅब खोळंबली. तू आलीस, आधी सुईकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी मनातल्या मनात धुळ्याच्या गाडीत जाऊन बसले होते.

"पोरी, घर दही लावस का?" तू विचारलंस.

"लावते."

"मंग ते घडी घडी हालाडी पाहास का? नही ना? मंग रगतले कसाले घाई करस? त्याले बसू दे ना अर्धा तास."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ कधी माझ्या ताब्यात होती? म्हटलं, "मॅडम, दह्यासाठी दवाखान्यात कुणी आडवं पडलेलं नसतं." आणि तू अशी खदखदून हसलीस की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवशी आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत चाललं. सुरुवातीला मी तुला "तुम्ही" म्हणत होते, पण भांडणात "तुम्ही" म्हणणं परवडत नाही, सगळा जोर त्यातच जातो. मग मॅडमची अक्का झाली आणि तुम्हीची तू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रक्त घेतलं, मशीनमध्ये घातलं, कागद बाहेर आला. मशीनला काय, तुम्ही जे घालाल ते ते मोजतं. अक्कल लागते ती त्याच्या आधी. रक्त कशात घ्यायचं, किती थांबायचं, कधी फिरवायचं, हे ठरवण्यात निम्मा रिपोर्ट झालेला असतो. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त निवांत गोठू द्यायचं आणि मग फिरवून वरचं सिरम घ्यायचं, हा तुझा पंथ. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं औषध आधीच घातलेलं असतं, त्यामुळे थांबायचं कारण नाही, लगेच फिरवायचं आणि प्लाझ्मा घ्यायचा, हा माझा. दोन्ही रीती सगळीकडे चालतात आणि दोन्ही बरोबर आहेत. पण सगळीकडे काय चालतं याच्याशी आपल्याला काय देणंघेणं होतं? आपल्याला भांडायचं होतं.

तुझं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी प्रश्न विचार, मग झाकण उचल." आणि माझं तोंड बंद करायचं झालं की तू हमखास लिथियम काढायचीस. मन ताळ्यावर राहावं म्हणून लिथियमच्या गोळ्या घेणारे एक मास्तर आपल्याकडे तपासणीला यायचे. तू म्हणायचीस, "तुझ्या लाडक्या हिरव्या झाकणातल्या औषधातच लिथियम असतं. मग रिपोर्टात काय देशील, मास्तरांचं लिथियम की झाकणाचं?" मी म्हणायची, "त्या एका टेस्टला घेऊ की लाल. एका मास्तरांसाठी सगळ्या तालुक्याला ताटकळत ठेवायचं का?" तू म्हणायचीस, "ते मास्तर तुझे वडील असते तर?" एवढं झालं की मी उसळायची आणि तू शांतपणे एप्रनच्या खिशातून मेहरूणची बोरं काढून माझ्या हातावर ठेवायचीस. तोंडात बोर असताना माणसाला धड भांडता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. लोकांना तू शांत वाटलीस ती बहुतेक तेव्हाच.

हिवाळ्यात मात्र आपलं दोघींचं एकमत व्हायचं, कारण हिवाळ्यात भरीत. जळगावात थंडी पडली की शेताशेतांत कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं भरीत आपल्या ट्यूबमध्ये उतरतं. तेल, पुऱ्या, पुन्हा तेल. फिरवलेल्या ट्यूबमध्ये पिवळं सिरम दिसायच्या जागी पांढरंशुभ्र दूध. त्यातून उजेडच पार जात नाही, तर मशीन मोजणार कसं?

ते पगडीवाले आबा आठवतात? उपाशी पोटी या म्हणून सांगितलं होतं. "काहीच खादं नही बाई, पोट रिकामं शे," असं छातीवर हात ठेवून सांगत होते. तू त्यांची ट्यूब उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "आबा, हाई तुमनं रगत शे का म्हैसनं दूध?"

आबांनी ट्यूबकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि कबूल झाले. "रातले वावरमा भरीत व्हतं. सकायले उरेल व्हतं तेवढंच खादं. अन्न काय टाकी देवानं?"

मी लगेच उपाय सांगायला लागले. सँपल पातळ करू, नाहीतर मोठ्या वेगानं फिरवून वरची साय काढू, सगळं करता येतं. तू म्हणालीस, "येतं. पण आबा काही मरायला टेकलेले नाहीत. उद्या सकाळी उपाशी आले की आपोआप स्वच्छ होतील. आपल्याला येतं म्हणून करायचंच असं नाही." आबा दुसऱ्या दिवशी आले, खरोखर उपाशी आले आणि त्याचा राग म्हणून कुणाशी बोलले नाहीत. पुढे आपल्या लॅबची भरीतपार्टी झाली, तेव्हा तू लाकडी बडजीत वांगी ठेचत होतीस आणि मोठ्यानं सांगत होतीस, "उद्या मनं रगत कोनी घेवानं नही." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घेतलं. तुझं दूध आबांच्या दुधापेक्षा घट्ट निघालं. ती ट्यूब आठवडाभर सगळ्यांना दाखवत मी जी मिरवली, तशी मी माझ्या लग्नातसुद्धा मिरवले नव्हते.

मग तुझं आजारपण आलं. तेही तूच शोधलंस. डोकं दुखतं, पाय जळजळतात म्हणून स्वतःचीच स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली लावलीस आणि मला हाक मारलीस. "ये, गर्दी बघ. बहिरमच्या जत्रेला इतकी नसते." प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या त्या बारीक पेशी, इतक्या वाढल्या होत्या की स्लाइडवर बोट ठेवायला जागा नव्हती. मी स्लाइडवरचं नाव पुन्हा वाचलं. तू मात्र दुसऱ्या कुणाची स्लाइड बघावी तशी बघत होतीस.

औषधं सुरू झाली आणि एका दुपारी तुझ्या रिपोर्टात पोटॅशियम भलतंच वाढलेलं आलं. ते तसं खरंच असेल तर हृदय कुठल्याही क्षणी बंद पडावं. तो कागद घेऊन मी तुझ्या केबिनमध्ये धावत आले, आणि तू काय करत होतीस? बोरं खात होतीस. तुझी पट्टी काढली, म्हणजे हृदयाचा आलेख, तर तो अगदी नीटनेटका. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रक्त गोठताना प्लेटलेट्स फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. चारचौघांत ते कळतही नाही, पण तुझी तर जत्रा होती. म्हणजे पोटॅशियम तुझ्या अंगात वाढलेलं नव्हतं, ते लाल झाकणात वाढलं होतं.

मी स्वतः तुझं रक्त घेतलं, एक लाल आणि एक हिरवं. मी तीनदा शीर चाचपली तरी सुई टोचेना, तेव्हा तू म्हणालीस, "सुई तुझ्या हातात आहे, भीती मला वाटायला पाहिजे." लालमध्ये पुन्हा वाढलेलं आलं. हिरव्यात जसं हवं तसं. मी लॅबभर ओरडत सुटले, "हरलीस, अक्का! तुझ्याच रक्तानं तुला हरवलं!" आणि ओरडता ओरडता मला रडू यायला लागलं, कारण भांडण जिंकल्याचा आनंद थोडाच होता. तू आज मरत नाहीयेस याचा आनंद होता, आणि तो मला मावेना.

तू मला पाणी दिलंस आणि म्हणालीस, "एका बाईच्या रक्तावरून रीत बदलत नाहीत." मला तुझा इतका राग आला की मी ते पाणी न पिता निघून गेले.

आणि मग पारोळा निघालं. तिथे आपली रक्त घ्यायची खोली सुरू करायची ठरली. तिथे घेतलेलं रक्त गाडीनं जळगावला यायचं. आपल्याकडचा वैशाख, तो रस्ता, गाडीतले हादरे. गोठायला ठेवलेलं रक्त हिंदकळलं की लाल पेशी फुटतात, आणि पोटॅशियम खोटं वाढतं. एखाद्या धडधाकट माणसाला घरचे रडत रडत दवाखान्यात नेतील. किंवा आपल्यालाच खोट्या आकड्यांची सवय होईल आणि खरा आजारी माणूस त्यात हरवून जाईल. मी म्हटलं, पारोळ्याला हिरवं झाकण, तिथेच लगेच फिरवा आणि मग गाडीत घाला. तू म्हणालीस, लाल, आणि तिथेच थांबून फिरवा. आपण महिनाभर त्या तलावाभोवती हेच दळण दळलं. शेवटच्या सकाळी तर तू अशी तावातावानं बोलत होतीस की मध्येच थांबून कठड्याला धरून श्वास घ्यावा लागला. मी म्हटलं, "बस जरा." तू म्हणालीस, "बसले तर तू जिंकशील." मग घड्याळ बघितलंस आणि म्हणालीस, "पारोळ्याचं उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर तुझी वाट बघत होते आणि तुझ्या लेकाचा फोन आला. मेंदूत गुठळी झाली होती. जन्मभर रक्ताला निवांत गोठू द्या म्हणून सांगत आलीस, आणि त्यानं तुझं भलत्याच ठिकाणी ऐकलं. तू हे ऐकून हसली असतीस, म्हणून लिहिलं. मला अजून हसू येत नाही.

तर काल मी पारोळ्याला गेले. खरं सांगू? माझ्याजवळ निर्णय होता, पण तुझा होकार नव्हता. तुझ्याविना हिरवं ठरवणं म्हणजे समोर गडी नसताना कुस्ती मारल्यासारखं झालं असतं. आणि समजा तुझंच बरोबर असेल तर? आता चुकलं तर "दही हालाडस का?" म्हणून विचारायला कोण आहे? सबंध रस्ता मी तुझ्या बाजूनंही बोलून बघितलं. जमलं नाही, तुझ्यासारखा आवाज लागेना.

खोली किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. चुन्याचा वास अजून गेलेला नाही. तिथे रक्त घ्यायला आपण ठेवलेली योगिता सगळं मांडून बसली होती. टेबलावर दोन स्टँड, एकात लाल ट्यूबा, दुसऱ्यात हिरव्या. मी विचारलं, "हिरव्या कुणी मागवल्या?"

"मॅडमनी."

मला वाटलं, पोरगी गोंधळली आहे. म्हटलं बघू तरी. विचारलं, "किडनीचा पेशंट आला, पोटॅशियम बघायचं आहे. काय घेशील?"

"हिरवं. हळूहळू उलटसुलट करायची, घुसळायची नाही. इथंच लगेच फिरवायची आणि नुसता प्लाझ्मा गाडीत द्यायचा."

"थायरॉईड?"

"लाल. अर्धा तास उभी ठेवायची, हात लावायचा नाही. मग इथंच फिरवायची."

"लिथियम?"

"लाल! ताई, लिथियमला हिरवं उचललं तर मॅडम वरून येऊन माझा हात मोडतील." एवढं बोलली आणि तिचे डोळे भरले. मग पदरानं पुसून म्हणाली, "आधी प्रश्न इचाराना, मंग झाकण उचलानं. मॅडमनी माझ्याकडून घोकून घेतलंय."

"कधी?"

"तुम्ही धुळ्याला लग्नाला गेल्या होत्या ना, तेव्हा त्या आल्या होत्या. दिवसभर बसल्या इथं."

अक्का, ते लग्न तू जायच्या आधी होतं. चांगलं आठवडाभर आधी. म्हणजे पारोळ्याचं तू ठरवून बसली होतीस, ट्यूबा मागवून, पोरीला शिकवून मोकळी झाली होतीस, आणि तरी रोज सकाळी माझ्याशी लालसाठी भांडत होतीस! कठड्याला धरून श्वास घेत भांडत होतीस! मला तिथल्या तिथे तुझा असा संताप आला की मी योगितालाच ओरडले, "मग मला का नाही सांगितलं?"

ती घाबरली. म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, ताईंना सांगते म्हणून. तर मॅडम म्हने, तिनं बरोबर शे, पन तिले सांगू नको. तिले सांगं ते भांडन मिटी जाई. मंग सकायले मनासंगे फिराले कोन ई?"

मी त्या चुन्याच्या वासाच्या खोलीत, पेशंटच्या खुर्चीवर बसले आणि रडले. योगितानं मला पाणी दिलं. या वेळी मी प्यायले.

किती वेडी गं तू. मी आले असते. भांडण नसतं तरी आले असते. भरितावर बोललो असतो, सुनांवर बोललो असतो, काहीच नाही तर बोरं खात चाललो असतो. पण हे तुला कुणी सांगायचं होतं? मीच ना? तू मला रक्त बघायला शिकवलंस, थांबायला शिकवलंस, येतं म्हणून करायचंच नसतं हे शिकवलंस, आणि त्यातलं काही मी तुझ्यासमोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "तब्येत बरी शे ना तुनी?"

आज सकाळी तलावावर गेले. एकटीनंच फेरी मारली. प्राणायामवाली मंडळी आपल्या जुन्या झाडाखाली परत आली आहेत. त्यातले एक काका म्हणाले, "आज आवाज नाही, चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "उद्यापासून येईल."

त्या कठड्याशी थांबले, तू थांबली होतीस तिथेच. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि तुला मोठ्यानं सांगितलं. इथेही सांगते, म्हणजे नाही ऐकलं म्हणायला तुला जागा राहायची नाही. लिथियमचं तुझं बरोबर होतं, अक्का. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मीही तुझ्यासारखंच, मुद्दामच कबूल केलं नव्हतं.